वहिनीचं चॅनेल, भाच्याची नोकरी आणि यूट्यूबचे पैसे

ओसरी

मंडळी, या मंचावर बरेच दिवस वाचनमात्र होते. आज धागा काढतेय, कारण घरात भांडण लागलंय.

परवा रात्री भाच्याचा फोन. "आत्या, लोट्याची नोकरी सोडतोय. आता फुलटाइम व्लॉगिंग. बाबांना तू सांग." म्हणजे शिव्या आत्याने खायच्या. दादा दापोली तालुक्यात असतो, थोडी बाग, दोन म्हशी. भाचा डिप्लोमा करून लोटे एमआयडीसीत शिफ्टला जातो, हातात २२ हजार पडतात. शनिवार-रविवार घरी.

चॅनेल खरं तर त्याचं नाहीच, वहिनीचं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या सुपाऱ्या एका बाजूला ओळीने आडव्या झाल्या, फणस मुळासकट उपटला. कित्येक दिवस वीज नाही. मुंबईच्या चाकरमान्यांना घर उभं आहे की नाही ते दाखवायचं म्हणून भाच्याने मोबाइलवर शूट केलं. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज केला आणि रेंज शोधत सड्यावर गेला. व्हॉट्सअॅपवर एवढी मोठी फाइल जाईना म्हणून यूट्यूबवर टाकली, बाकी काही उद्देश नव्हता. त्या व्हिडिओत वहिनी पडलेल्या झाडाच्या खोडावर बसून, हाताला तेल लावून बरका फणस फोडतेय आणि म्हणतेय, "झाड तर गेलं, गरे तरी कशाला फुकट घालवायचे? या, खा." तो व्हिडिओ कुठे कुठे पोचला देव जाणे. लोक वादळ बघायला आले आणि वहिनीसाठी थांबले.

मग कुळथाची पिठी, आंबोशी, भाजणी, काजूच्या बिया भाजणं, विहिरीतला गाळ काढणं, सगळं आलं. हजार सबस्क्रायबर पटकन झाले, पण जाहिराती सुरू व्हायला वर्षभरात ४००० तास पाहिलं गेलं पाहिजे, ते जमायला आम्हाला १९ महिने लागले. १० डॉलर जमल्यावर पत्ता तपासायला गुगल पोस्टाने पिन पाठवतं. पोस्टमन तो कागद घेऊन ओट्यावर उभा राहिला, उलटसुलट बघितला आणि दादाला म्हणाला, "कर्जाबिर्ज काढलंत काय?" पुढे १०० डॉलर होईपर्यंत पैसे हातात येत नाहीत. पहिले पैसे आले तेव्हा बँकेतून फोन, परदेशातून रक्कम आलीय, कशाबद्दल ते सांगा. वहिनी म्हणाली, "फणसाबद्दल." 

हिशेब मी ठेवते, म्हणून आकडे देते. गेल्या वर्षभरात जाहिरातींचे आले ४१ हजार. अक्षरी एक्केचाळीस हजार, वर्षाचे! हजार व्ह्यूजमागे दिवाळीच्या महिन्यात ४६ रुपये पडले होते, या जानेवारीत २८. दिवाळीला कंपन्या जाहिरातींवर उधळतात आणि जानेवारीत हात आखडतात, तो हिसका थेट आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचतो.

पण वहीचं दुसरं पान वेगळं आहे. व्हिडिओ बघून लोक आगळ (रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, खारवलेला रस), आमसुलं, कुळीथ पीठ, फणसपोळी मागवतात. त्याची विक्री २ लाख ६० हजार. बाटल्या, कुरिअर, बायकांची मजुरी वजा जाता ९० हजारांच्या आसपास राहिले. शिवाय मागच्या दोन खोल्यांत पाहुणे राहून गेले ते निराळे.

आता भांडण असं, की भाचा म्हणतो हे सगळे व्लॉगचे पैसे. दादा म्हणतो रातांबे माझ्या झाडाचे, तू फक्त फोन धरलास. आणि ज्या बाईकडे बघून लोक पैसे देतात तिला कोणी विचारलेलंच नाही.

माझं मत विचाराल तर व्लॉग ही दुकानाची पाटी आहे. पाटी झकास झाली म्हणून पाटी रंगवणाऱ्याने नोकरी सोडू नये, आधी दुकानात माल किती ते बघावं. भाचा मला ऐकवतो की "यूट्यूबने भारतात तीन वर्षांत २१ हजार कोटी वाटले, यूट्यूबच्या साहेबाने स्वतः मुंबईत सांगितलं." त्यातले आमच्या ओसरीवर किती पडले ते वर लिहिलंच आहे. जाणकारांनी सांगावं, मी जुनाट विचार करतेय का?

सव्वाशेर

जुनाट कसला, रास्त विचार आहे. सोडू देऊ नका नोकरी.

माझी तक्रार निराळी आहे. गेल्या शिमग्याला आमच्या गावी पालखी नाचवताना खांद्याला खांदा लावून उभे राहायचे ते गावकरी मागे आणि पुढे सात-आठ जण काठीला मोबाइल लावून. एक जण पालखीकडे पाठ करून स्वतःचं तोंड शूट करत होता. संकासुर पोरांच्या मागे धावला की पोरं पळायची, आता 'परत एकदा धाव' म्हणतात. वरून ड्रोनची घरघर, त्यात ढोल ऐकू येईना. शेवटी गुरवाने नारळ हातात घेऊन सांगितलं, ते यंत्र खाली आलं नाही तर हा वर जाईल.

आणि ते 'नमस्कार मित्रांनो, स्वागत आहे तुमचं आपल्या चॅनेलमध्ये' ऐकलं की माझा हात आपोआप पुढे ढकलायच्या बटणावर जातो. परवा एका ओळखीच्यांच्या तेराव्याला त्यांचा पुतण्या पंगतीचा व्लॉग करत होता. लाडवाचा क्लोजअप! यातून कोणाला काय मिळतं?

बे एरियातला बबन

सव्वाशेर, लाडू कसे झाले होते ते सांगा आधी. :)

ओसरीताई, भाच्याचा आकडा बरोबर आहे. मे २०२५ मध्ये मुंबईत वेव्ह्ज परिषदेत यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनीच सांगितला. पण वाक्य पूर्ण वाचायचं: क्रिएटर, कलाकार आणि मीडिया कंपन्या मिळून. म्हणजे गाण्यांची लेबलं आणि न्यूज चॅनेलं त्याच पंगतीत बसलीत आणि त्यांची पानं मोठी आहेत.

मी सॅन ब्रुनोवरून रोज जातो, यूट्यूबचं हेडक्वार्टर तिथेच. यांचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा, १९ सेकंदांचा. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून यूट्यूबचा एक संस्थापक जावेद करीम सांगतो की यांच्या सोंडा फार लांब असतात. संपलं. पुढच्याच वर्षी गुगलने १६५ कोटी डॉलरला कंपनी घेतली आणि २००७ पासून व्हिडिओ करणाऱ्यांना जाहिरातीतला वाटा मिळायला लागला. आज मोठ्या व्हिडिओवर ५५ टक्के बनवणाऱ्याचे. वाटा तसा वाईट नाही. वाईट काय, तर तो कशातला वाटा आहे हे. मराठी व्हिडिओवर जाहिरात देणाऱ्याला बोलीच कमी लावावी लागते.

एक करा. यूट्यूब स्टुडिओत (चॅनेलचे आकडे दाखवणाऱ्या अॅपमध्ये) जाऊन देशवार आकडे बघा. माझी बायको आणि तिच्या तीन मैत्रिणी इथे असलेच चॅनेल लावून स्वयंपाक करतात, आणि इथल्या एका व्ह्यूला तिकडच्या कितीतरी व्ह्यूंएवढे पैसे पडतात. मधुराज रेसिपीच्या मधुरा बाचल यांनी सुरुवात अमेरिकेत असतानाच केली होती, २००९ मध्ये. परदेशातली मराठी बाई पुरणात जायफळ किती घालायचं ते कोणाला विचारणार?

आणि कराचा फॉर्म भरलाय ना? २०२१ च्या जूनपासून अमेरिकन प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर इथे कर कापतात. फॉर्म भरला असेल तर भारतासाठी १५ टक्के, तोही फक्त अमेरिकेतल्या कमाईवर. नसेल तर जगभरच्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

दहिसर पश्चिम

मी या धंद्यात आहे पण कॅमेऱ्यासमोर नाही. एडिटिंग करतो. चार चॅनेलं माझ्याकडे आहेत, दोन मराठी, दोन हिंदी. माझं घर व्लॉगिंगवर चालतं आणि माझे स्वतःचे सबस्क्रायबर ६३ आहेत, त्यातली एक आई.

जत्रेत देवापेक्षा नारळवाला आधी उठतो, तसं आमचं आहे. व्हिडिओ चालो न चालो, एडिटरला, थंबनेलवाल्याला, शूटवाल्याला पैसे द्यावेच लागतात. भाच्याला हात असेल तर नोकरी न सोडता हे करून बघू दे. दापोलीत किती हॉटेलं, किती होमस्टे, किती आंबावाले आहेत! सगळ्यांना व्हिडिओ हवाय आणि करता कोणालाच येत नाही.

आता थोडं कडू. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉक बंद झालं, महिन्याभरात इन्स्टाग्रामच्या रील्स आल्या, सप्टेंबरात यूट्यूबच्या शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू झाली. तेव्हापासून नवीन पोरांना वाटतं छोट्या व्हिडिओत पैसा आहे. शॉर्ट्सला जाहिरातीतला वाटा फेब्रुवारी २०२३ पासून मिळायला लागला, तोही ४५ टक्के, आणि तो तुमच्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचा नाही, सगळ्यांच्या एका सामायिक गल्ल्यातला. माझ्या एका क्लायंटचा शॉर्ट १८ लाख लोकांनी पाहिला. त्याने आनंदाने पार्टी दिली. महिनाअखेरीला जे आलं त्यात पार्टीचं बिल निघालं नाही.

मोठा व्हिडिओ ८ मिनिटांच्या वर गेला की मध्ये जाहिरात टाकता येते, म्हणून हल्ली पाच मिनिटांची भेळ साडेआठ मिनिटं कालवतात. ते ताणलेलं मीच कापतो, मग क्लायंट म्हणतो परत जोड.

वहिनींचा व्हिडिओ शोधून पाहिला (फणस + दापोली + वादळ टाकलं, सापडला). एक सांगू? आवाज. वाऱ्याचा फरफर आवाज येतो. महागडा माइक नको, कॉलरला लावायचा साधा माइक घ्या आणि त्यावर जुन्या मोज्याचा तुकडा बांधा. लोक धूसर चित्र सहन करतात, आवाज खरखरला की पळतात. आणि मिक्सर चालू असताना बोलू नका म्हणावं.

कढीलिंब

धागा आवडला. पैशाबद्दल सगळे बोलतायत, मी दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलते.

माझ्या जावेचं चॅनेल होतं. होतं. साधं, डब्याच्या भाज्यांचं. रोज सकाळी उठून आधी कॉमेंटी पुसायची. गाऊनवर शूट केलं की गाऊनबद्दल, साडी नेसली की 'आज एवढं नटून'. एकाने तर ओट्यावरच्या तेलाच्या डब्यावरून तिच्या नवऱ्याचा पगार काढला. मुलगा चौथीत, तो मधूनमधून पोळी मागायला यायचा तर वर्गातली मुलं त्याला पोळीवरून चिडवायला लागली. त्या दिवशी तिने सगळं बंद केलं. तेव्हा महिन्याला पाचेक हजार येत होते. त्यात हे सगळं सोसायचं, ही मजुरी कुठल्या हिशेबात धरायची?

ओसरी, तुमच्या वहिनींना असा त्रास होत नाही का?

सोलापुरी शेंग

मी दहावीच्या गणिताचं चॅनेल चालवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्याएवढा श्रीमंत कोणी नाही, एप्रिलमध्ये माझ्याकडे माझी मुलगीसुद्धा बघत नाही. पुन्हा जून उजाडावा लागतो. वर्षाला भागिले १२ करायला भाच्याला शिकवा, फुकट शिकवणी देतो.

हिशेबनीस

सीए नाही, पण अशा मंडळींची कागदपत्रं हाताखालून जातात, म्हणून चार गोष्टी.

जाहिरातीचे पैसे हे धंद्याचं उत्पन्न. बक्षीस नव्हे, 'ऑनलाइन आलेत, कोणाला कळतंय' तर मुळीच नव्हे, कारण ते बँकेतूनच येतात. अमेरिकेत कापलेला कर इथल्या करातून वजा मागता येतो, त्याचा कागद वेळेत भरायचा असतो. माइक, फोन, इंटरनेट यांचा खर्च दाखवता येतो, बिलं ठेवा.

कंपनी फुकट वस्तू पाठवते त्याबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. जुलै २०२२ पासून वर्षात एकाच कंपनीकडून २० हजारांवरची वस्तू मिळाली आणि ती ठेवून घेतली तर त्यावर १० टक्के टीडीएस आहे. एका व्लॉगरला फ्रिज आला होता. फ्रिज घरात, कर भरायला पैसे नाहीत, असा प्रसंग झाला.

पैसे किंवा वस्तू घेऊन कौतुक केलं तर व्हिडिओत ते स्पष्ट सांगायचं. जाहिरातवाल्यांच्या मानक परिषदेचे नियम २०२१ चे आहेत. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक मंत्रालयानेही मार्गदर्शिका काढली. दिशाभूल केली तर दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केली तर ५० लाख. वहिनींना उद्या कोणी मसालेवाला येऊन 'फक्त पाकीट ओट्यावर दिसू द्या' म्हणाला तर हे आठवा.

तुमच्या बाबतीत मला काळजी आगळाच्या बाटलीची वाटते, व्हिडिओची नाही. खाण्याचा पदार्थ विकताय, अन्नसुरक्षेची (एफएसएसएआय) नोंदणी आहे का? छोट्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते, १४ आकडी क्रमांक लेबलवर छापायचा. आणि पाहुणे ठेवताय तर पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे, त्यात नाव घाला.

दादा आणि भाचा यांच्या भांडणावर हिशेबाच्या भाषेत उत्तर: झाड दादाचं, कॅमेरा भाच्याचा, पण गुडविल वहिनीचं. ताळेबंदात सगळ्यात महाग तेच असतं.

सव्वाशेर

हिशेबनीस, शेवटचं वाक्य पटलं. बाकी माझं मत कायम आहे. तरी विरोधी पुरावा मीच देतो, म्हणजे कोणी खवट म्हणायला नको. सिंधुदुर्गातला 'कोकणी रानमाणूस' मी बघतो. तो पोरगा इंजिनीअर, पण गावी राहिला आणि जंगल, वाड्या, जुनी मातीची घरं दाखवत लोकांना तिथे राहायला बोलावतो. तिथे कॅमेऱ्यामागे काहीतरी उभं आहे. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या 'आपली आजी'चंही तेच, आजीच्या हाताला चव आहे म्हणून नातवाचा कॅमेरा चालला. नुसतं 'आज आम्ही बाजारात गेलो' हे दाखवणारे शंभर सुरू होतात, नव्याण्णव कुठे गेले ते कोणी विचारत नाही.

दहिसर पश्चिम

त्या आजींचं चॅनेल २०२० मध्ये हॅक झालं होतं, नंतर परत मिळालं. यावरून आठवलं, ओसरीताई: कंपनीच्या नावाने 'कोलॅबोरेशन'ची ईमेल येते, सोबत फाइल असते, ती उघडली की चॅनेल गेलं. इतक्या वर्षांची मेहनत एका क्लिकमध्ये. दोन टप्प्यांचं लॉगिन आजच्या आज चालू करा. पासवर्ड वहिनींच्या जन्मतारखेचा असेल तर तोही बदला.

(पासवर्ड जन्मतारखेचाच असतो. नेहमी.)

ओसरी

सगळ्यांचे आभार. पासवर्ड बदलला. जन्मतारखेचा नव्हता, म्हशीच्या नावाचा होता.

बबन, देशवार आकडे काढले. व्ह्यूज ७ टक्के परदेशातले, पैसे जवळजवळ तिसरा हिस्सा! कर १५ टक्केच कापला जातोय, भाच्याने फॉर्म भरला होता, त्याला शाबासकी दिली. हिशेबनीस, नोंदणी नव्हती. दादा म्हणाला, "आजीच्या वेळेपासून विकतोय." मी म्हटलं, आजी कुरिअर करत नव्हती. अर्ज भरलाय.

कढीलिंब, तुमचा प्रश्न मी वहिनीला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पहिल्या वर्षी मी रडत होते, तुला सांगितलं नाही." एकाने लिहिलं होतं, हातात बांगड्या नाहीत, विधवा आहे का. फणस चिरताना बांगड्या काढून ठेवतात हे त्याला कोण सांगणार? भाचा अशा कॉमेंटी तिच्या आधी उठून पुसून टाकतो, पहाटेच्या शिफ्टला जायच्या आधी. हे मलाही माहीत नव्हतं. दादालाही नाही.

म्हणून मी रविवारी गावी गेले आणि तिघांना एकत्र बसवलं. पहिल्यांदा वहिनीला विचारलं, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, "मला आठवड्याला एकच व्हिडिओ करायचाय. हा म्हणतो रोज टाकायला पाहिजे. रोज काय दाखवू, मी रोज वेगळी जेवते का?" भाच्याचा सगळा फुलटाइम प्लॅन रोजच्या व्हिडिओवर उभा होता, तो तिथेच बसला.

ठरलं ते असं: आमसुलांचा आणि आगळाचा सगळा व्यवहार वहिनीच्या नावावर, खातंही तिचं. जाहिरातीचे पैसे भाच्याचे, त्यातून माइक तो घेणार. दहिसर, तुमचं ऐकून त्याने दाभोळ रस्त्यावरच्या एका होमस्टेवाल्याशी बोलणं केलंय, व्हिडिओ करून द्यायचे, रोख पैसे. पावसाळ्यापर्यंत लोट्याची नोकरी चालू. पुढचं पुढे. दादाने काही कबूल केलं नाही, पण संध्याकाळी मोजा शोधत होता.

सव्वाशेर

चांगलं झालं. दादांचा मोजा धुतलेला असावा.

ओसरीताई, धाग्यावर विचारायला संकोच वाटतो, पण आगळाच्या दोन बाटल्या मिळतील का? मुंबईत मिळतं त्यात नुसतं मीठ आणि रंग असतो. फणसाचा व्हिडिओ मीही पाहिला. पूर्ण पाहिला, पुढे ढकलला नाही.

ओसरी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पण मेअखेर थांबावं लागेल, रातांबे अजून पिकायचेत. तोवर फणसपोळीची दोन पाकिटं शिल्लक आहेत, वहिनीने धाग्यातल्या माणसांसाठी बाजूला काढून ठेवलीत. पहिला विचारेल त्याला.

बे एरियातला बबन

मी पहिला!! कुरिअर कॅलिफोर्नियाला जातं का?